सफरचंदाची कलमं: एम-९ खुंटावर फळ खरंच जास्त लाल आणि गोड येतं का?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. आमचं वावर धुळे तालुक्यात आहे. मध्यम काळी जमीन, दोन-अडीच फुटांवर मुरूम, विहिरीला मार्चपर्यंत पाणी, पुढे शेततळ्यावर भागवतो. कापूस-कांद्याच्या जोडीला काहीतरी वेगळं हवं म्हणून वडिलांनी अर्धा एकर सफरचंद लावायचं मनावर घेतलंय. जात एचआरएमएन-९९, म्हणजे हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी काढलेली, कमी थंडीत फळणारी. जातीवरून घरात वाद नाही, वाद आहे तो खुंटावरून, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर जातीचा डोळा बांधून कलम करतात त्यावरून.

एका रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेल्या, म्हणजे बीजू खुंटावरची कलमं आहेत, स्वस्तात. दुसरीकडे एमएम-१११ वरची मिळतात. तिसरा विक्रेता सांगतो की एम-९ सोडून काही घेऊच नका. त्यावर फळ मोठं, लालभडक आणि गोड येतं, शिवाय आठवडाभर आधी तोडणीला येतं. त्याचा भाव मात्र बीजू कलमाच्या तिप्पट.

माल मार्केट यार्डात न्यायचा नाही, धुळ्यातच स्वतः विकायचा विचार आहे. एकदा फळ खाल्लेलं गिऱ्हाईक पुन्हा आलं पाहिजे, अशी प्रत हवी. तर खुंट बदलला म्हणून तोडणीच्या वेळी रंग, गोडी, कडकपणा खरंच बदलतो का? की वरची जात तीच असली की फळही तेच? स्वतः पाहिलेल्यांनी सांगावं.

सातपुडा पायथा (चोपडा)

भाऊ, डोळा ज्या जातीचा, फळ त्या जातीचं. खुंट जमिनीत असतो, त्याचा फळाशी काय संबंध? माझ्याकडे एचआरएमएन-९९ ची थोडी झाडं आहेत, बीजू खुंटावर. जूनच्या सुरुवातीला तोडणी केली. एका ओळीतली शेजारशेजारची झाडंसुद्धा सारखी नव्हती. एकावरची फळं पिकून पिठूळ झालेली, दुसऱ्यावरची अजून तुरट. पश्चिमेकडच्या फळांवर तपकिरी चट्टे. मला तर हा सगळा आपल्याकडच्या उन्हाचा प्रताप वाटतो. खुंटावर जादा पैसे घालण्यापेक्षा ठिबकवर घाला.

आप्पा मोसंबीवाले (भडगाव)

चोपड्याच्या भाऊंचं म्हणणं मोसंबीत तरी टिकत नाही. आमच्या बांधाच्या अलीकडे रंगपूर लिंबावर डोळा भरलेली मोसंबी आहे, पलीकडे थोरल्या भावाची जंभेरीवरची. डोळे एकाच झाडावरचे, पाणी एकाच विहिरीचं. जंभेरीवरचं झाड जोमदार, फळ मोठं, पण साल जाड आणि रस पाणचट. रंगपूरवरचं फळ जरा लहान, साल पातळ, रसाला गोडी. व्यापारी फळ हातात घेतो आणि सालीवरून सांगतो कोणत्या बाजूचं आहे ते. सफरचंदातलं मला कळत नाही, पण खुंट फळात उतरतो हे जन्मभर बघत आलोय. गिरणाकाठच्या ताई शिमल्याकडे होत्या ना? त्यांनी सांगावं.

गिरणाकाठ (पाचोरा)

आप्पा, नमस्कार. हो, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर मी शिमला जिल्ह्यात एका फळ खरेदी कंपनीच्या संकलन केंद्रावर प्रतवारीला होते. आलेल्या मालातलं फळ उचलायचं आणि कडकपणा, ब्रिक्स (रसातली गोडी), स्टार्च (पिकताना ज्याची साखर होते ते) मोजायचं, हेच काम. सासरी मोसंबी आहे, पण सफरचंदाचा विषय निघाला की अजून जीव त्यातच जातो. सविस्तर लिहिते.

खुंटाचा परिणाम होतो, याबद्दल शंका नको. फक्त खुंट फळात साखर भरत नाही. साखर पानांतच तयार होते. झाडाने किती लाकूड करायचं आणि किती फळ, शेंड्याची वाढ कधी थांबवायची, हे खुंट ठरवतो, आणि फळाची प्रत त्यातून घडते. एम-९ हा मूळचा फ्रान्समध्ये १८७९ साली सापडलेल्या एका रोपाचा वंश. पुढे इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात असे खुंट गोळा करून, निवडून त्यांना क्रमांक दिले. त्या मॉलिंगचा हा ‘एम’. एम-९ वरचं झाड बीजू खुंटावरच्या झाडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढंच राहतं. लाकूड कमी, म्हणून तयार झालेल्या अन्नातला मोठा वाटा फळाला. त्यामुळे फळ मोठं मिळतं, हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे.

रंगाचं थोडं वेगळं आहे. कोटगढ, ठानेधारकडे बीजू खुंटावरच्या रॉयल डेलिशियसच्या जुन्या बागा आहेत. शिडी लावून चढावं लागेल एवढी झाडं. एकाच झाडाच्या शेंड्याचं फळ गर्द लाल, आणि आतल्या खालच्या फांदीचं हिरवट, आकाराने लहान, चवीला फिकं. झाडाच्या पोटात पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उजेड पोहोचला की रंग, आकार, गोडी तिन्ही पडतात. एम-९ वरचं झाड बुटकं आणि मोकळं, त्याला अशी अंधारी जागाच नसते. म्हणजे त्याचा लाल रंग मुख्यतः उन्हाचा. हेच ऊन मोठ्या झाडाच्या पोटात छाटणीने आणता आलं, तर रंगातला फरक बराच कमी होतो.

गोडीबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय, कारण लोक इथेच फसतात. एम-९ वरचं फळ काही दिवस आधी पिकायला लागतं; त्यात पिकवणारा वायू, म्हणजे इथिलीन, लवकर तयार होतो. बागायतदार मात्र दोन्ही खुंटांवरची फळं एकाच दिवशी तोडून आणायचे. मी ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लावला की एम-९ चं फळ गोड निघायचं, आणि कडकपणा मोजणारा पेनेट्रोमीटर लावला की तेच फळ मऊ. आयोडीन लावलं की कळायचं की त्यातलं स्टार्च केव्हाच उतरलंय, फळ पुढे गेलंय. ही गोडी पिकण्याच्या अवस्थेची होती. दुसऱ्या खुंटावरचं फळ त्याच अवस्थेला येऊ दिलं की ब्रिक्समधला फरक थोडाच उरायचा. एकाच तारखेला तोडलेल्या फळांची तुलना करून कोणी खुंटाचं गुणगान करत असेल, तर ते अर्धवट मोजमाप आहे.

झाडावरच्या फळांच्या संख्येचंही तसंच. ज्या झाडावर कमी फळं, त्याची फळं मोठी आणि गोड, खुंट कोणताही असो. म्हणून प्रयोगात बुंध्याच्या जाडीच्या प्रमाणात फळं सारखी ठेवून मगच तुलना करतात. अमेरिकेत १९७६ पासून एनसी-१४० नावाने अनेक राज्यांत मिळून हेच काम चालू आहे: एकच जात, अनेक खुंट, अनेक ठिकाणं. जागा बदलली की खुंटांचा क्रमही बदलतो, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलंय.

चोपड्याच्या भाऊ, तुमच्या एका ओळीतल्या दोन झाडांचा फरकसुद्धा खुंटाचाच असू शकतो. बीजू खुंट बियांपासून येतो, त्यामुळे प्रत्येक रोपाचा गुण वेगळा. वरचा डोळा सारखा, पण खालची मुळं एकीची जोमदार, एकीची रोडावलेली. त्यातून पिकण्याचा दिवस पुढेमागे होतो. एम-९ किंवा एमएम-१११ बियांपासून करत नाहीत. आईझाडाच्या फुटव्यांना माती चढवून, मुळं फुटली की वेगळे करतात, म्हणून सगळे एका गुणाचे. पुष्कळशी बाग एकाच तोडणीत काढायची तर हा सारखेपणा फार मोलाचा आहे.

आता आपल्या खान्देशाचं. हिमाचलात एम-९ चा जो गुण, तोच इथे अवगुण होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे मोकळं झाड हवं असतं, कारण ऊन मवाळ आणि रात्री थंड. सालीतला लाल रंग तयार व्हायला साधारण १५ ते २० अंशांचं हवामान मानवतं, ३० च्या वर ते काम मंदावतं. आपल्याकडे एचआरएमएन-९९ चं फळ मे-जूनमध्ये तयार होतं. तेव्हा भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास, आणि रात्रीही झळा. अशात एम-९ वर लालभडक फळ येईल, ही आशा धरू नका. उलट उघड्यावरच्या फळाची साल हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज तापते. सालीचं तापमान ४६ ते ४९ अंशांवर गेलं की उन्हाने तपकिरी चट्टे पडतात, ५२ च्या आसपास तर साल मरतेच. चोपड्याच्या भाऊंनी पाहिलेले चट्टे हेच. आपल्याला फळावर पानांची सावली धरणारं झाड पाहिजे, आणि ती एम-९ वर कमी.

शिवाय एम-९ ची मुळं उथळ आणि ठिसूळ. त्याला जन्मभर खांब आणि तारेचा आधार लागतो. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळीच्या बागा कशा आडव्या होतात ते आपण दरवर्षी बघतो. आणि मार्चनंतर पाणी शेततळ्यावर असेल, तर उथळ मुळाच्या झाडाला एकदा ताण बसला की फळ वाढीच्या ऐन भरातच थांबतं. तिप्पट भाव देऊन हे घ्यायचं कशाला?

मी एमएम-१११ घेतला असता. मर्टन आणि ईस्ट मॉलिंग या इंग्लंडमधल्या दोन संस्थांनी मिळून नॉर्दर्न स्पाय या जातीशी संकर करून काढलेल्या मालिकेतला हा खुंट. लोकरी मावा ही रस शोषणारी कीड त्याच्या मुळांवर सहसा ठरत नाही, पाण्याचा ताण सोसतो, भारी जमिनीतही तग धरतो. झाड बीजूपेक्षा थोडं लहान. फळाला यायला एम-९ पेक्षा उशीर लागेल, ते मान्य करावं लागेल.

पांझराकाठ (धुळे)

ताई, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचे दोन प्रश्न आहेत. एक, एमएम-१०६ पण मिळतोय आणि तो एमएम-१११ पेक्षा लवकर फळतो म्हणतात, मग तो का नको? दुसरा, आयोडीनची परीक्षा घरी करता येते का? रंग येणार नसेल तर फळ तयार झालं हे ओळखायचं कशावरून?

गिरणाकाठ (पाचोरा)

वडिलांना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत.

एमएम-१०६ लवकर फळतो हे बरोबर. पण जमिनीत पाणी साचलं की त्याला बुंधा कुजण्याचा रोग लवकर लागतो, आणि आपल्या काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की पाणी साचतंच. मुरमाड उतार असता तर मी त्याला नाही म्हटलं नसतं. कोणताही खुंट घ्या, गादीवाफ्यावर लावा आणि कलमाचा जोड मातीच्या वर चांगला वीतभर ठेवा. जोड मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि मग खुंटासाठी दिलेले पैसे मातीत जातात.

आयोडीनची परीक्षा घरी सहज होते. एक लिटर पाणी मोजून ठेवा. त्यातल्या थोड्याशा पाण्यात आधी १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग त्यात ३ ग्रॅम आयोडीन पूर्ण विरघळलं की उरलेलं पाणी घाला. तपकिरी बाटलीत, अंधारात, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. हातात मोजे घाला. फळ आडवं कापून कापलेली बाजू या पाण्यात बुडवा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग चढतो, साखर झालेली जागा पांढरीच राहते. पांढरेपणा गाभ्यापासून सुरू होऊन सालीकडे सरकतो. सगळं काळं म्हणजे कच्चं. सगळं पांढरं म्हणजे लगेच खायचं, ठेवता येणार नाही. तुम्ही जवळच विकणार, तेव्हा निम्म्याहून जास्त भाग पांढरा झाला की तोडा. कापलेलं फळ खायचं नाही, जनावरांनाही घालायचं नाही, खड्ड्यात पुरून टाका.

आपल्याकडे कॅलेंडर बघून तोडणी ठरवू नका. गरम रात्रीत फळाचा श्वसनाचा वेग वाढतो आणि त्यातलं मॅलिक आम्ल भराभर खर्च होतं. ब्रिक्स चांगला दिसतो, पण आंबटपणाची जोड गेल्यामुळे फळ सपक लागतं, आणि तोवर गर पिठूळ व्हायला लागलेला असतो. पेनेट्रोमीटर मिळाला तर उत्तमच. साल काढून ११ मिलिमीटरचा दांडा दाबायचा. मी बघत होते त्या डेलिशियस फळांचा कडकपणा तोडणीला १५ ते १८ पौंड असायचा. एचआरएमएन-९९ साठी तोच आकडा धरून बसू नका, आपल्या झाडांचा आपणच लिहून ठेवा. यंत्र नसेल तर आयोडीन आणि स्वतःचे दात, दोन्ही रोज वापरा.

विरळणी मात्र न चुकता करा. फळं सुपारीएवढी झाली की एका झुपक्यात एकच ठेवा, दोन फळांत वीतभर अंतर. एका फळामागे तीस-चाळीस पानं असली तर आकारही येतो आणि गोडीही. नवीन माणसाचा हात फळ काढायला धजत नाही, पण खुंटावर तिप्पट खर्च करून जी प्रत विकत घ्यायला निघाला होतात, तिच्यातला मोठा भाग इथे फुकट मिळतो.

सातपुडा पायथा (चोपडा)

ताई, माझा आधीचा मुद्दा मी मागे घेत नाही, ऊन हेच पहिलं कारण. पण झाडागणिक फरकाचं तुमचं म्हणणं पटलं. आता लावलेल्या बीजू झाडांचं काय करू? उपटू का?

गिरणाकाठ (पाचोरा)

उपटू नका हो! पहिलं कारण ऊनच आहे, त्यात आपल्या दोघांचं एकमत आहे. पुढच्या हंगामात आयोडीनची परीक्षा झाडवार करा आणि बुंध्यावर रंगाचे पट्टे मारा: लवकरच्या झाडांना एक रंग, उशिराच्यांना दुसरा. मग एकाच ओळीत दोन-तीनदा तोडणी करा. घरची माणसं आहेत, माल थोडा आहे, जमून जाईल. ज्या झाडाची फळं सलग चांगली निघतात त्याच्या बुंध्याचा घेर, उंची लिहून ठेवा. पश्चिमेच्या बाजूला एप्रिलपासून ३५ टक्क्यांची शेडनेट बांधा, नाहीतर केओलिनची, म्हणजे पांढऱ्या मातीच्या पुडीची, फवारणी करा. आणि पश्चिमेच्या फांद्या उन्हाळ्यात छाटू नका, ती सावली राखायची आहे.

आप्पा मोसंबीवाले (भडगाव)

ताई, कलम घेताना खालचा खुंट खरंच सांगितलेलाच आहे हे कसं ओळखायचं? मोसंबीत रंगपूर म्हणून जंभेरी गळ्यात मारल्याचे प्रकार आमच्या भागात झालेत. तिथे निदान पान चुरगळून वास घेता येतो.

गिरणाकाठ (पाचोरा)

आप्पा, सफरचंदात कलम बघून खुंट ओळखणं सामान्य माणसाला जमत नाही. म्हणून बिलावर जात आणि खुंट दोन्ही लिहून घ्यायचे, नुसतं ‘सफरचंद कलम’ लिहिलेलं बिल परत करायचं. शक्य असेल तर ज्यांनी त्याच रोपवाटिकेची झाडं चार-पाच वर्षांपूर्वी लावलीत त्यांची बाग आधी जाऊन पाहायची. एमएम-१११ ची झाडं तोवर उंचीला बऱ्यापैकी एकसारखी दिसतात; ओळीत खूप वर-खाली दिसली तर खाली बीजू असण्याची शंका धरावी.

पांझराकाठ (धुळे)

ठरलं मग. एमएम-१११ वरचीच घेतो. वडील म्हणतात की कडेला चार झाडं एम-९ ची लावून बघूच, विहिरीजवळ, खांबाच्या आधाराने. अंतर किती ठेवू?

गिरणाकाठ (पाचोरा)

एमएम-१११ ला १५ बाय १५ फूट. एकराला एकशे नव्वदच्या आसपास झाडं बसतात, तुमच्या अर्ध्या एकरात पंचाण्णव धरा. एम-९ ची चार झाडं चार-चार फुटांवर चालतील, पण त्यांचं ठिबक वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या. त्यांना थोडं थोडं पाणी वारंवार लागतं. आणि पहिली फळं आली की दोन्ही खुंटांची सारख्या अवस्थेत तोडून, आयोडीन लावून इथे आकडे टाका. तारखेवरून तुलना नको. आपल्याकडचे असे आकडे मला खरोखर पाहायचे आहेत.